अर्ध्या तेलाची होडी

बारीक जाळीचं एकच बंडल उरलं होतं आणि गिऱ्हाइकं दोन आली, तिथून हे सगळं सुरू झालं.

मांडवीच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान. खिळे, दोर, डांबर, रंग, कोंबड्यांच्या खुराड्याला लागते ती जाळी, असला माल. माल विकता विकता गिऱ्हाइकाचीही मांडामांड करायची मला खोड आहे. गुण जमेला, खोडी खर्चाला, खाली बाकी. पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्या बंडलावर एकेक हात ठेवून उभ्या राहिलेल्या दोघांची बाकी मात्र मला काही केल्या निघेना.

एक आत्माराम. जन्म मांडवीचा, पण उमेदीची सगळी वर्षं परदेशी बोटींवर खलाशी म्हणून गेलेली. नुकताच कायमचा घरी आला होता. जमेला म्हणाल तर हात चालणारा, शब्द पाळणारा. खर्चाला एवढंच, की जगातलं प्रत्येक बंदर पाहिलेलं आणि त्या बंदराची गोष्ट ऐकवल्याशिवाय पाव किलो खिळेही उचलायचा नाही. न्यूझीलंडच्या एका बंदरात त्याने सिमेंटच्या होड्या पाहिल्या होत्या. ही गोष्ट त्याने इतक्या वेळा सांगितली होती, की तो नुसता घसा खाकरला तरी नाक्यावरचे लोक ‘सिमेंट’ म्हणून मोकळे व्हायचे.

दुसरी तुळसा शिगवण. गावातल्या एका तंत्रशाळेत बांधकाम शिकवायची, लुनावरून यायची-जायची. वाढली अलोऱ्याच्या कोयना वसाहतीत. बाप प्रकल्पावर काँक्रीटच्या मिक्सरवर होता. इतर पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा ही ओल्या काँक्रीटमध्ये काडी खुपसून किती घट्ट झालंय ते बघायची, असं तिनेच मला सांगितलं. जमेला भरपूर. खर्चाला एकच, दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

तिला जाळी हवी होती पाण्याच्या टाकीसाठी. भाकरीएवढ्या जाडीचं सिमेंट, आत जाळीचे थर, वर भाताच्या तुसाची राख मिसळलेला मसाला, असे तिचे प्रयोग चालले होते. राखेनं सिमेंट कमी लागतं आणि पाणी झिरपत नाही, असं तिचं म्हणणं. आत्मारामने विचारलं, पाणी आतून बाहेर झिरपत नाही, तर बाहेरून आत?  त्या दिवशी तिला उत्तर द्यायला अख्खं अर्धं मिनिट लागलं. बंडल अर्धं-अर्धं करायचं ठरलं होतं, ते अख्खं एकाच कामाला, म्हणजे होडीला, गेलं.

चार दिवसांनी तुळसाने माझ्या दुकानातल्या बादलीत सिमेंटची वाटी सोडली. घरच्या आमटीच्या वाटीवर थापून काढलेली, काठ वेडावाकडा, पण आत जाळी होती. वाटी जरा डुचमळली आणि तरंगायला लागली. दुकानात होते नव्हते ते सगळे बादलीभोवती जमले. भागोजी सुतारही होता. मांडवीच्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या. सिमेंटची होडी म्हटल्यावर त्याच्या धंद्यावर गदा येणारच, आणि असा माणूस अशी भीती थट्टेवर नेतो.

“वाटी तरंगली म्हंजे काय झालं?” तो म्हणाला. “नारळाची करवंटी पन तरंगते. तीत बसून कोन बांगडं मारतो काय?”

 तुळसाने लुनाच्या पिशवीतून एक फळी काढली, म्हणजे फळीसारखी सिमेंटची पातळ पट्टी, आणि दोन विटांवर आडवी ठेवली. आत्मारामला म्हणाली, उभे राहा. आत्माराम अंगाने भरलेला. उभा राहिला, तशी पट्टी मधोमध वाकली. काँक्रीट वाकलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता कडाडणार. तो उतरला आणि पट्टी हळूच सरळ झाली. केसासारख्या दोन-तीन रेघा दिसत होत्या, त्याही मिटल्या.  भागोजीने वाकून पट्टी उलटीपालटी केली, खाली कुठे लाकूड लपवलंय का ते बघितलं, आणि जाहीर केलं की ह्या बाईची होडी ज्या दिवशी तरंगेल त्या दिवशी तो लग्नातला कोट घालून तीत बसेल. तो कोट आता त्याच्या पोटावरून पुढे येत नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता होडी बांधायची तर आकार हवा. नव्या लाकडाचा साचा करायचा तर त्यात नवी लाकडी होडी झाली असती, मग सिमेंट कशाला. तुळसा म्हणाली, एखादी जुनी होडी पालथी घालू. तिच्या पाठीवर कागद चिकटवू, कागदावर जाळी आणि बारीक सळ्या बांधू, वरून मसाला थापू. वाळला की टोपलीवरून टोपली काढतात तशी नवी वर उचलायची. जुनी खाली जशीच्या तशी.

अशी होडी होती आत्मारामच्या थोरल्या बहिणीकडे. मथुराक्का. नवरा समुद्रात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मागे राहिली ती त्याची होडी. ती आक्का दोन खारव्यांना चालवायला द्यायची. जाळं टाकणाऱ्यांचे वाटे निघाले की एक वाटा होडीचा निघतो. तो आक्काचा, आणि त्यावरच तिचं घर चालायचं. पण लाकूड पोखरणाऱ्या किड्याने होडीचा तळ चाळणीसारखा करत आणला होता. भागोजीनेच सांगितलं होतं, अजून एक हंगाम, फार तर. नवी बांधायला तेवढं सागवान मिळायचं कुठून? म्हणजे आक्काच्या हातात एका हंगामाची होडी होती, आणि भाऊ तीच मागत होता.

ती अंगणात सुकट निवडत होती. आत्मारामने सगळं समजावलं. न्यूझीलंडचं बंदरही मध्ये येऊन गेलं. तिने मान वर केली नाही. निवडून झाल्यावर सूप झटकलं.

“घे,” ती म्हणाली. “पन माजी होडी जशी हाय तशी मला परत हवी. तुजी तरंगो नायतर बुडो.”

आत्मारामने तिच्या पायाला हात लावून कबूल केलं. मला तेव्हाच वाटलं, ह्या व्यवहारात दोघांच्याही पदरात होडी पडते, नाहीतर दोघांच्याही पदरातून जाते.

माडांच्या सावलीला, विणलेल्या झावळ्यांच्या झापांचा मांडव घालून होडी पालथी घातली. तुळसा शाळा सुटली की यायची. आक्काच्या घरात खळ शिजायची, आणि जुनी वर्तमानपत्रं होडीच्या पाठीवर चिकटायची. मी तिला विचारलं होतं, धरणावर फळ्यांना तेल लावतात सिमेंट चिकटू नये म्हणून, इथे का नको? ती म्हणाली, तिथे फळी आणि सळईत हातभर अंतर असतं, इथे जाळी साच्याला टेकून बसते. तेलाचा थेंब जाळीला लागला की मसाला तिला धरणार नाही. म्हणून कागद. हे तिने सगळ्यांना बजावलं. आत्मारामला, खारव्यांना, मला, फुकट बघायला आलेल्या भागोजीलाही. आक्काला नाही. आक्का खळ शिजवत होती, आणि खळ शिजवणाऱ्या बाईला कोण बजावतं.

पुढच्या अर्ध्या भागावर, म्हणजे नाळेच्या टोकापासून, जिथे होडी पाणी कापते तिथून मध्यापर्यंत, जाळी बांधून झाली आणि अक्षय्य तृतीया आली. सुट्टी. घरोघरी आमरस. दुपारी सगळी मांडवी रस खाऊन आडवी झालेली.

आक्काच्या घरची रीत अशी, की अक्षय्य तृतीयेला होडीला माशाच्या तेलाचा पहिला हात घरच्या बाईने द्यायचा. नाळेपासून सुरू करायचं आणि मध्यावर थांबायचं. तिथून मागचा अर्धा हात घरच्या पुरुषाचा. नवरा गेल्यापासून तो अर्धा हात दुसऱ्या कोणी ना कोणी दिला होता, पण तिचा अर्धा तिने कधी चुकवला नव्हता. होडी पालथी आहे, वर कागद आहे, जाळी आहे, हे तिला दिसत होतं. पण सण म्हणजे सण. ती तेलाचा डबा आणि फडकं घेऊन गेली, नाळेपासून मध्यापर्यंत मनापासून चोळलं, जाळीच्या भोकाभोकातून कागदात, कागदातून लाकडात मुरेपर्यंत, आणि उरलेला डबा घरी आणून ठेवला. संध्याकाळी भावाला म्हणाली, “मागचा अर्धा हात तुजा हाय. इसरू नको.” आत्माराम हसला आणि म्हणाला, आक्के, सिमेंटला तेल लागत नाही. त्याला वाटलं, ती पुढे व्हायच्या नव्या होडीचं बोलतेय. ती दुपारी अर्ध्यावर सोडलेल्या जुन्या होडीचं बोलत होती.

वास कोणालाच आला नाही. मांडवीत माशाच्या तेलाचा वास म्हणजे हवा. मागच्या अर्ध्या भागाची जाळी दुसऱ्या दिवशी बांधून झाली, आणि त्यानंतर गिलाव्याचा दिवस उजाडला.

तो दिवस लग्नघरासारखा होता. मसाला एका दमात, जोड न पडता चढवायचा, म्हणून सगळी आळी हजर. नदीची धुतलेली वाळू, सिमेंट, राख, मोजून पाणी. दोन गवंडी, आत्माराम, खारवी, आणि पदर खोचून तुळसा. मी दुकान बंद ठेवलं होतं. असं मी घरच्या लग्नालाही केलं नव्हतं. नाळेकडून सुरुवात झाली. तुळसाने पहिला गोळा थापीने दाबला. तो बसला, मग जरा हलला, आणि केळीच्या पानावरून गरम भात घसरावा तसा सरकत खाली आला. तिने दुसरा दाबला, तोही आला. गवंडी म्हणाला, पाणी जास्त झालं. तिने मसाला मुठीत दाबून बघितला; बरोबर होता. मग तिने जाळीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरलो.

“कोणी लावलं हे?”

“मी,” आक्का म्हणाली. खळीच्या भांड्यापाशी उभी होती, आवाज अगदी सरळ. “अखितीचा पयला हात. होडी माजी, दुसरं कोन लावनार?”

“मला सांगितलं नाहीत?”

“तू इचारलंस कुठे, होडीला काय लागतं म्हनून?”

भागोजी सुतार खोकला. त्या खोकल्याच्या आत हसू होतं हे बहिऱ्यालाही कळलं असतं. तुळसाचं उत्तर तयार नव्हतं, म्हणजे ह्या उन्हाळ्यात हे दुसऱ्यांदा. ती पालथ्या घमेल्यावर बसली. आत्माराम कधी बहिणीकडे, कधी होडीकडे बघत होता. बोलायला त्याला एकही बंदर आठवत नव्हतं.

मग ती उठली. भिजवलेला मसाला फुकट जाऊ नये म्हणून आक्काच्या न्हाणीत थापायला सांगितला; ती न्हाणी आजही मांडवीतली सगळ्यात भक्कम न्हाणी आहे. पुढच्या भागाची जाळी सोडवून काढली. चुलींवर हंडे चढले, माझ्या दुकानातून धुण्याचा सोडा गेला, आणि आळीतल्या बायका जाळीला घासायला बसल्या. आक्का सगळ्यात पुढे. लाकडात मुरलेलं तेल काढणं शक्य नव्हतं, तेलकट कागद खरवडायला वेळ नव्हता. तुळसाने त्याच्यावरच नव्या कोरड्या कागदाचे थर चिकटवायला सांगितले, म्हणजे तेल खालीच दबून राहील. वर धुतलेली जाळी पुन्हा बांधली. ह्या खेपेला मसाला चढवला तेव्हा पहिला गोळा बसला आणि बसूनच राहिला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मांडवाचे झाप हलले असं मला वाटलं. सूर्य मावळायच्या आत अख्खी होडी करडी, ओली, एकसंध होऊन उभी होती. नव्हे, पालथी होती.

त्यानंतर पाणी मारायचं काम. गोणपाट टाकून रोज भिजवायचं, आणि तेही विहिरीच्या गोड्या पाण्याने. ऐन वैशाखात, विहिरीला तळ दिसत असताना. बायका चिडल्या, पोराबाळांना मोजून पाणी आणि होडीला न्हाऊ-माखू. आक्का कोणाशी भांडली नाही. पहाटेच रांगेत सगळ्यांच्या आधी उभी राहायची, आणि स्वतःचे हंडे होडीवर ओतून घरी रिकाम्या हाताने जायची. हे मी तिच्या जमेला टाकलं. मात्र जाता-येता ती भावाला एवढं ऐकवायची, की तुझा अर्धा हात राहिलाय, डबा तसाच ठेवलाय. तो म्हणायचा, आक्के, पुरे.

उचलायच्या दिवशी पावस गावाकडूनसुद्धा माणसं आली होती. माझ्याकडची चेनपुली माडाला अडकवली. बांबू, पहारी, दोर. आत्मारामने नारळ फोडला आणि हाळी दिली. नाळ हलली. आधी कळलंच नाही, मग करड्या काठाखाली काळी फट दिसली आणि हळूहळू वीतभर झाली. लोकांत जो गलका उठला तो पार धक्क्यापर्यंत गेला असेल. आत्माराम नाचायचाच बाकी होता.

आणि तिथेच अडलं. नाळ वर, मागचं अंग जागच्या जागी. पुन्हा हाळी, पुन्हा जोर. मधोमध कुठेतरी बारीक कुरकुर झाली आणि तुळसा ओरडली, थांबा. मागच्या भागात सिमेंटने जुन्या होडीला धरलं होतं. अजून ओढलं तर नवी मध्यावर फुटणार.

 भागोजी मात्र तयारीने आला होता. त्याने खांद्यावरची आरी खाली घेतली. बोलला ते मात्र थट्टेने नाही, हेही खरं.

“जुनीचं मागलं अंग कापतो,” तो म्हणाला. “मीच बांधलेली हाय, कुठं कापायचं ते मला ठावं. घटकाभरात नवी मोकळी. जुनीचा तसाबी एकच हंगाम उरलाय.”

तो हिशेब चोख होता. एका हंगामाची होडी देऊन कितीतरी हंगामांची होडी. मी असतो तर हो म्हटलं असतं. सगळ्यांनी आत्मारामकडे बघितलं.  आयुष्यभर सांगितलेली एकच गोष्ट त्याच्या समोर खरी होऊन, वीतभर उचलून उभी होती.  आक्काने पदर घट्ट केला.

“फोडायची तर नवी फोडा,” आत्माराम म्हणाला. “जुनीला हात लावायचा नाही.”

पहार एका खारव्याच्या हातात होती. तो ती उचलणार एवढ्यात तुळसा नाळेखालच्या फटीशी आडवी झाली. दंड आत जाईल तेवढा घातला. बराच वेळ चाचपत राहिली. हात बाहेर काढला तर कोपरापर्यंत तेलकट, आणि बोटांत भिजल्या पापडासारखा लिबलिबीत कागद. मग ती पळत मागच्या बाजूला गेली, काठावरचा कागद नखाने खरवडला. कोरडा, दगडासारखा. ती परत पुढे आली. मग मागे. लोकांना वाटलं, बाईला ऊन लागलं.

“कोणी काही फोडू नका,” ती म्हणाली आणि हसायलाच लागली. “पुढे काय केलं आपण? खाली तेल, वर कोरडा कागद, मग जाळी. तेल जाळीपर्यंत आलं नाही आणि सिमेंट लाकडापर्यंत गेलं नाही. मागे नुसता कागद. फणस कापायच्या आधी आपण विळीला तेल लावतो की नाही? आपण अर्ध्याच विळीला लावलं.”

मग ती आक्काकडे वळली. “आक्का, तेल आहे?”

“हाय तर,” आक्का म्हणाली. “ह्याचा अर्धा हात मी कुनाला दिला काय?”

डबा आला. अक्षय्य तृतीयेपासून तसाच, मध्यापर्यंत भरलेला. तुळसाने तेल कोमट करायला लावलं, नाळ चेनपुलीने अलगद ताणून धरली, आणि फटीतून तेल आत सोडायचं ठरलं, म्हणजे ते उतारावरून मागे झिरपत जाईल. गवंडी डबा उचलायला पुढे झाला तर आक्काने त्याला हाताने मागे सारलं. डबा भावाच्या पुढे ठेवला. आत्मारामने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि बारीक धारेने तेल सोडायला लागला. सिमेंटला तेल लागत नाही, असं ह्या वेळी तो म्हणाला नाही.

मग वाट बघायची. भागोजीने आरी बाजूला ठेवली आणि हातोडीच्या दांड्याने करड्या पाठीवर टकटक करत फिरायला लागला. पिकलेला फणस वाजवून बघतात तसा. पुढे पोकळ आवाज यायचा, मध्याच्या मागे भरीव. त्याने खडूने तिथे रेघ मारली. संध्याकाळी पुन्हा वाजवून बघितलं. पोकळ आवाज रेघेच्या पलीकडे गेला होता. दुसरी रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा तो तिसरी मारत होता. एरवी होडीला रोज टोमणे मारणारा हा माणूस आता पाठीवर कान टेकवून बसला होता, आणि लोकांना गप्प बसा म्हणून दटावत होता. रेघा मागे मागे सरकत गेल्या. लोक क्रिकेटचा स्कोर विचारावा तसे रस्त्यावरूनच विचारायचे, कुठवर आलं.

तिसऱ्या प्रहरी आवाज टोकापर्यंत पोकळ आला. भागोजीने मागच्या काठात पातळ पाचरी बसवल्या, एकेक, हलक्या ठोक्याने. तुळसाने हात वर केला. चेन कुरकुरली. होडीच्या आतून ओला, लांब चिकट आवाज आला, आणि मग ती सुटली. एकदम नाही, हळूच, मागचं टोक पुढच्या टोकाच्या बरोबरीला येत. करडी होडी माडाखाली लोंबत होती आणि तिच्या खाली जुनी, काळी, तेलाने तुकतुकीत, एक फळी न हललेली. लोक नवीकडे धावले. आक्का जुनीपाशी गेली. हात फिरवत नाळेपासून मागेपर्यंत एक फेरी मारली, आणि भावाकडे बघून मान हलवली. व्यवहार पुरा झाला.

पण तरंगणं राहिलं होतं. भाट्याच्या खाडीत भरतीच्या वेळी नेली. ओंडक्यांवरून ढकलत नेताना वाटेत भागोजी दोनदा म्हणाला की जड आहे, आणि दोन्ही वेळा खांदा त्याचाच लागलेला होता. पाण्यात सोडायच्या आधी तुळसाने तळात रांगोळी भुरभुरायला सांगितली, म्हणजे कुठे ओल आली तर पांढऱ्यावर लगेच दिसेल. रांगोळी आक्काच्या हातात दिली. ती नुसती भुरभुरायची होती, पण आक्काच्या हातून रांगोळी नुसती भुरभुरली जाईना. तिने तळात बसून कमळ काढलं, पाकळ्यांसकट.

होडी पाण्याला लागली. लाटेने एक अंग खाली गेलं, पाणी काठाशी आलं, कोणीतरी बाई ‘गेली’ म्हणाली, आणि होडी आपली आपण सरळ झाली. उभी राहिली. म्हणजे तरंगली. पाण्यावर तिची करडी पाठ नव्हे, आता काठ दिसत होता, आणि तो काठ वर खाली होत होता, इतर होड्यांसारखाच, काही विशेष न घडल्यासारखा. आत्माराम गुडघाभर पाण्यात उभा राहून रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. मग तो आणि खारवी आत चढले, तुळसा चढली, मला ओढून घेतलं. आम्ही सगळे वाकून कमळाकडे बघत बसलो. भरती फिरायला लागेपर्यंत बघितलं. एक पाकळी ओली झाली नाही. एकदा झाली, तर ती आत्मारामच्या डोळ्यातलं पाणी होतं, असं तुळसाने बोट लावून, चाखून ठरवलं.

काठावर भागोजी घरी जायला वळला होता. त्याच्या बायकोने त्याला अडवलं. कोट ती बरोबर घेऊनच आली होती. बटणं लागली नाहीत, पण तो बसला. खाडीत एक फेरी मारून उतरल्यावर त्याने तुळसाला विचारलं, ही दुरुस्त करायची झाली तर खिळा कुठे मारायचा. ती म्हणाली, खिळा नाही, उद्या या, शिकवते. हे मी दोघांच्याही जमेला मांडलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मांडवाकडे चक्कर टाकली. वाटलं होतं, आक्का जुनी होडी उताणी करून पावसाआधीच्या डागडुजीला लागली असेल. तर जुनी तशीच पालथी, आणि आक्का तिच्या पाठीवर चिकटून उरलेला कागद खरवडून संपवतेय. पावसकडून आलेले ते लोक आदल्या संध्याकाळी तिला भेटून गेले होते. त्यांनाही अशी होडी हवी होती. मी म्हटलं, आक्का, होडी जशीच्या तशी मिळाली ना परत, मग पुन्हा पालथी का?

“समुद्रात नेली तर एक हंगाम चालंल,” ती म्हणाली. “हितं पालथी रायली तर हिच्या पाठीवरनं होड्या उतरत ऱ्हातील. ज्या ज्या उतरतील त्या सगळ्यांत होडीचा वाटा माजा. बोलले मी त्यास्नी. कबूल झाले.”

इतकी वर्षं माणसांच्या बाक्या काढतोय, पण असा हिशेब माझ्या डोक्यात आला नसता. मी निघालो, बारीक जाळी मागवायची होती, आणि ह्या वेळी एक बंडल पुरणार नव्हतं. वळून बघितलं तर आक्काने फडकं तेलात बुडवलं होतं आणि नाळेपासून सुरुवात केली होती. आत्माराम होडीच्या मध्यावर बाह्या सारून उभा होता, हातात दुसरं फडकं, तिचा हात तिथवर पोचायची वाट बघत.